पडद्यावरचे अक्षर आणि भिंतीपलीकडचा वाचक

नेदरलँड्समध्ये २००६ साली संसदेच्या निवडणुकीची तयारी चालू होती. तेथे त्या काळी बहुतेक ठिकाणी यंत्रावर मतदान होत असे. मतदाराने उमेदवारासमोरचे बटण दाबले की यंत्राच्या छोट्या पडद्यावर उमेदवाराचे आणि पक्षाचे नाव उमटे. ते वाचून मतदार आपले मत पक्के करी. ऑक्टोबर महिन्यात नागरिकांच्या एका गटाने ('मतयंत्रांवर आमचा विश्वास नाही' हेच त्या गटाचे नाव होते) एक प्रयोग करून दाखवला. यंत्राला हात न लावता, थोड्या अंतरावर रेडिओ ग्राहक घेऊन उभे राहिले, तर मतदाराने एका विशिष्ट पक्षाचे बटण दाबले आहे की नाही, हे नुसत्या आवाजातील फरकावरून ओळखता येत होते. तो पक्ष होता ख्रिस्तेन डेमोक्रातिश आपेल. या नावातील शेवटच्या शब्दात रोमन 'ई' अक्षराच्या डोक्यावर एक लहानशी तिरकी रेघ असते. मताची गुप्तता फोडली ती त्या रेघेने.

आपल्याकडच्या मतदान यंत्रावर उमेदवारांची नावे कागदावर छापून लावलेली असतात, ती पडद्यावर उमटत नाहीत, म्हणून हीच घटना येथे जशीच्या तशी घडणार नाही. तरीही प्रश्न उरतोच. एका अक्षराचा आकार आणि दूरवर ऐकू येणारी रेडिओलहर यांचा संबंध काय? आणि आकारामुळे गुपित फुटत असेल, तर आकार बदलून ते राखता येईल का? या लेखात आम्ही मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाकडे वळणार आहोत. पण त्यासाठी पहिल्याचा उलगडा आधी व्हायला हवा.

ज्यांनी मध्यम लहरींवर रेडिओ ऐकला आहे, त्यांना शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला की रेडिओत होणारी खरखर ठाऊक असेल. तारेतून वाहणारा प्रवाह बदलला की भोवती विद्युतचुंबकीय लहर निर्माण होते. प्रवाह जितका झटकन बदलेल, तितकी त्या लहरीत उच्च वारंवारतेची भर पडते. येथे तारेच्या लांबीचाही संबंध येतो. दहा लक्ष हर्ट्झ वारंवारतेच्या लहरीची लांबी ३०० मीटर असते. तिच्या दृष्टीने टेबलावरची मीटरभर तार म्हणजे काहीच नाही. पण ३० कोटी हर्ट्झच्या लहरीची लांबी बरोबर एक मीटर असते आणि तीच तार तिच्यासाठी चांगली अँटेना बनते. म्हणजे संगणकाच्या तारांतून सावकाश होणारे बदल फारसे बाहेर पडत नाहीत. झटके मात्र बाहेर पडतात. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचे सर्व त्यावरच उभे आहे.

हे झटके गुपित फोडू शकतात, ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धातच कळली होती. अमेरिकन सैन्याला संकेतलिपीची यंत्रे बेल टेलिफोन कंपनी पुरवत असे. प्रयोगशाळेत अशा यंत्राची चाचणी चालू असताना एका अभियंत्याला दिसले की यंत्र एक पाऊल पुढे सरकले की खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ऑसिलोस्कोपवर एक टोकदार स्पंद उमटतो. स्पंद बारकाईने तपासले, तर संकेतात बदलण्यापूर्वीचा मूळ मजकूर त्यांतून वाचता येत होता. सैन्याच्या अधिकाऱ्यांना हे खरे वाटेना. तेव्हा अभियंते न्यूयॉर्कच्या व्हॅरिक स्ट्रीटवर, सैन्याच्या संकेत केंद्रासमोरच्या इमारतीत, सुमारे ८० फूट अंतरावर जाऊन बसले. त्यांनी तासभर स्पंद टिपले आणि तीन-चार तासांत जवळजवळ ७५ टक्के मजकूर अधिकाऱ्यांपुढे ठेवला. ही हकीकत अमेरिकन सरकारच्या ज्या दस्तऐवजात आहे, तो २००७ साली खुला झाला. तोपर्यंत ती फार थोड्यांना माहीत होती.

सर्वसामान्य शास्त्रज्ञांपुढे हा विषय आला तो १९८५ साली. विम फान एक या डच संशोधकाने एक निबंध प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर साध्या दूरचित्रवाणी संचावर, किरकोळ किमतीची जोडणी करून, काही शे मीटरांवरूनही पुन्हा उभा करता येतो, असे त्याने दाखवले. तोवर अशी हेरगिरी फक्त मोठ्या सरकारांनाच परवडते, अशी समजूत होती.

पडदा कसा लिहितो

त्या काळचे पडदे चित्रनलिकेचे होते. आज ते वापरातून गेले आहेत, पण समजण्यास तेच सोपे. चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांचा एक झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो, झटकन मागे येतो, खालची ओळ काढतो आणि असे करत तळापर्यंत जातो. पुन्हा वर येऊन तेच चित्र नव्याने काढतो. शेतात नांगर धरणारा माणूस वळून उलट तास घेतो. झोत मात्र प्रत्येक वेळी डाव्या बांधावरूनच सुरुवात करतो. एके काळी सर्रास वापरात असलेल्या रचनेत पडद्यावर ६४० × ४८० बिंदू असत आणि चित्र सेकंदाला ६० वेळा काढले जाई. परतीचा वेळ धरून हिशेब ८०० × ५२५ × ६०, म्हणजे सेकंदाला सुमारे अडीच कोटी बिंदूंचा होतो. एका बिंदूच्या वाट्याला सेकंदाचा अडीच कोटीवा भाग येतो. तेवढ्या वेळात झोत पूर्ण पेटायचा किंवा पूर्ण विझायचा असेल, तर तारेत केवढा झटका बसत असेल याची कल्पना करावी.

आता वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग सांगतो. चौकटीच्या कागदावर जाड ठशात 'नमन' हा शब्द चौकटी काळ्या करून लिहावा. मग प्रत्येक आडवी ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जावे आणि जेथे पांढऱ्याचे काळे किंवा काळ्याचे पांढरे होते तेवढ्याच जागी दुसऱ्या कागदावर खूण करावी. दुसऱ्या कागदावर जे उमटेल तेच, साधारणपणे, भिंतीपलीकडच्या अँटेनाला दिसते.

या दुसऱ्या कागदावर शिरोरेषा जवळजवळ नाहीशी झालेली आढळेल! शिरोरेषेच्या ओळीत शब्दाच्या सुरुवातीला एक बदल आणि शेवटी एक बदल, एवढेच घडते. मधल्या सगळ्या अंतरात प्रवाह एकसारखा वाहत असतो, आणि एकसारखा प्रवाह अँटेनाच्या लेखी अस्तित्वात नाही. उलट प्रत्येक उभी दांडी ओळीओळीला दोन झटके देते. ती ठळकपणे, दुहेरी रेघेसारखी उमटते. शिरोरेषा न देता लिहिणाऱ्या मुलांना आम्ही रागावतो. हा चोरटा वाचक मात्र तसेच वाचतो. रोमन लिपीतही हेच होते. 'एच'ची मधली आडवी रेघ पुसली जाऊन दोन खांब तेवढे उरतात.

उरलेल्या खांबांवरून मजकूर ओळखणे अवघड नसते. चोराला आणखी एक सोय असते. पडदा तेच चित्र सेकंदाला ६० वेळा पुन्हा काढतो. हवेतला गोंगाट दर वेळी वेगळा असतो, अक्षर मात्र तेच असते. साठ चित्रांची सरासरी घेतली की गोंगाट अक्षराच्या मानाने ६०च्या वर्गमुळाइतका, म्हणजे पावणेआठ पट कमी होतो. म्हणूनच शेजारी आवाज करणारे एखादे यंत्र ठेवून गुपित झाकावे, हा पहिल्याप्रथम सुचणारा उपाय फारसा उपयोगी पडत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे संगणक, तारा, कधी सबंध खोलीच धातूच्या कवचात बंद करणे. तो सैन्याला परवडतो.

अक्षर गाळून घेणे

केंब्रिज विद्यापीठातील मार्कुस कून आणि रॉस अँडरसन यांनी १९९८ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथील एका परिषदेत वेगळाच मार्ग मांडला. त्यांचे म्हणणे असे की कवच यंत्राला कशाला? अक्षरालाच घाला. डोळा आणि अँटेना हे दोघे त्याच अक्षराचे वेगवेगळे भाग वाचतात. डोळ्याला ठोकळ आकार पुरतो. एकेका बिंदूच्या अंतरावर होणारे बदल त्याला नीट दिसतही नाहीत. अँटेनाला मात्र नेमके तेच बदल ऐकू येतात. तेव्हा अक्षरातून डोळ्याला नको असलेला आणि अँटेनाला हवा असलेला भाग काढून टाकावा, म्हणजे वाचणाऱ्याचे काही बिघडत नाही आणि चोराच्या हाती काही लागत नाही.

हे कसे करायचे ते एका उदाहरणाने पाहू. काळ्या पडद्यावर दोन बिंदू जाडीची एक पांढरी उभी दांडी आहे. एका ओळीतले विद्युतदाब ०, ०, १००, १००, ०, ० असे धरू. आता प्रत्येक बिंदूच्या जागी त्याचा स्वतःचा अर्धा आणि दोन्ही शेजाऱ्यांचा पाव-पाव वाटा घेऊन नवी संख्या लिहू. उत्तर येते ०, २५, ७५, ७५, २५, ०. आधी सर्वांत मोठी उडी १००ची होती, ती ५०वर आली. दांडीच्या कडा करड्या झाल्या, पण दांडी दांडीच राहिली. आता याहून बारीक नक्षी घेऊ: १००, ०, १००, ०, १००, ०. तोच नियम लावला तर मधल्या प्रत्येक ठिकाणी ५० येते. एकही उडी उरत नाही! म्हणजे सर्वांत जलद बदल पूर्णपणे गाळले गेले, मध्यम बदल थोडे, आणि सावकाश होणारे बदल जवळजवळ तसेच राहिले. या क्रियेला आपण गाळणी म्हणू.

कून आणि अँडरसन यांची गाळणी आमच्या उदाहरणापेक्षा अधिक काटेकोर होती. ओळीच्या दिशेने होणाऱ्या बदलांच्या वर्णपटातील वरचा ३० टक्के भाग त्यांनी कापून टाकला. ती अक्षरे भिंग लावून पाहिली, तर कडा धूसर दिसत. पण नेहमीच्या अंतरावरून पडद्यावर वाचताना मूळ अक्षरांत आणि त्यांत फरक जाणवत नसे, कारण चित्रनलिकेचा झोत स्वतःच थोडा पसरट असतो. शेजारी ठेवलेल्या हेरगिरीच्या ग्राहकावर मात्र जेथे आधी मजकूर दिसत होता तेथे काही उरले नाही. आणि यासाठी खर्च काय आला? धातूचा एक तुकडाही लागला नाही. अक्षरवळण, ज्याला आपण सर्रास फाँट म्हणतो, तेवढे बदलले. त्याच वर्षी पीजीपी या टपाल गुप्त ठेवणाऱ्या प्रसिद्ध प्रणालीत अशा अक्षरांत मजकूर दाखवण्याची सोय झाली.

येथे एक बारीक अडचण आहे, ती वरिष्ठ विद्यार्थ्यांना आवडावी. विद्युतदाब अर्धा केला म्हणजे पडद्याची प्रकाशमानता अर्धी होत नाही. ती दाबाच्या साधारण २.२ व्या घाताप्रमाणे बदलते. म्हणून ५० दाबाला प्रकाश मिळतो तो जेमतेम २२ टक्के. गाळणी दाबावर चालवावी लागते, कारण अँटेना दाबातल्या उड्या ऐकते. पण डोळा पाहतो तो प्रकाश. परिणामी पांढऱ्यावरची काळी अक्षरे गाळल्यावर थोडी जाड भासतात आणि अक्षर आखणाऱ्याला ती आधीच सडपातळ करावी लागतात.

हीच अडचण दुसऱ्या बाजूने गंमतीची ठरते. एकाआड एक पांढरे-काळे बिंदू आणि ७३ दाबाचा एकसारखा करडा रंग या दोहोंचा प्रकाश सारखाच, म्हणजे ५० टक्के असतो. डोळ्याला दोन्ही करडेच दिसतात. अँटेनाच्या दृष्टीने पहिला ओरडतो आणि दुसरा गप्प बसतो. त्यामुळे संगणकापुढे बसलेल्या माणसाला साधी करडी पाटी दिसावी आणि भिंतीपलीकडे तीच पाटी मजकूर होऊन उमटावी, असेही करता येते. कून आणि अँडरसन यांनी ते करून दाखवले. इतकेच नव्हे, तर संगणक प्रणालीने आपला परवाना क्रमांक असा गुपचूप प्रसारित करावा आणि विनापरवाना प्रती वापरणारे रस्त्यावरच्या गाडीतून शोधून काढावेत, अशीही सूचना त्यांनी त्याच निबंधात केली. ही सूचना वाचल्यावर चोरापेक्षा पहारेकऱ्याचीच भीती अधिक वाटावी, असे आमचे मत आहे.

अक्षराच्या आकाराकडून याच प्रश्नाला भिडण्याचा आणखी एक प्रयत्न पोलंडमध्ये झाला. तेथील इरेनेउश कुबियाक यांनी २०१०नंतरच्या दशकात फक्त उभ्या आणि आडव्या सरळ रेषांची अक्षरे आखली. तिरक्या आणि वळणदार कडा प्रत्येक अक्षराची ओळख चोराला सांगतात, त्या त्यांनी काढून टाकल्या. झटके उमटतातच, पण निरनिराळ्या अक्षरांचे झटके एकमेकांसारखे होतात आणि वाचणारा गोंधळतो. डोळ्याला ही अक्षरे चौकोनी, काहीशी अनोळखी वाटतात.

पुन्हा त्या रेघेकडे

आता सुरुवातीच्या मतयंत्राचा उलगडा सहज होईल. तेथे चोराला अक्षरे वाचायचीही गरज पडली नाही. पडद्यावर डोक्यावर रेघ असलेले अक्षर दाखवायची वेळ आली की ते यंत्र पडदा चालवण्याची पद्धत बदले, आणि चित्र पुन्हा पुन्हा काढण्याचा वेग त्याबरोबर बदले. वेग बदलला की रेडिओतला सूर बदलला. यादीत एका मोठ्या पक्षाच्या नावात असे अक्षर असेल, तर तो सूर म्हणजे त्या पक्षाचे मत. यावर तातडीचा इलाज अक्षरातलाच होता: रेघ काढून टाकणे. दुसऱ्या एका कंपनीच्या यंत्राचा पडदा संगणकासारखा मोठा होता. त्यावरचे प्रक्षेपण काही दशक मीटरांवरून वाचता येते, असे सरकारी तपासणीत आढळले. त्या यंत्रांची मान्यता ३० ऑक्टोबर २००६ रोजी काढून घेण्यात आली. मतदान २२ नोव्हेंबरला होते आणि अॅमस्टरडॅमसह ३५ नगरपालिकांना ऐन वेळी दुसरी सोय बघावी लागली. पुढे २००८ साली डच सरकारने यंत्रे बाजूला ठेवून कागद आणि पेन्सिलीकडे परतण्याचा निर्णय घेतला.

चित्रनलिका गेल्या आणि सपाट पडदे आले, तेव्हा हा धोका संपला असे अनेकांना वाटले. सपाट पडद्यात झोतच नसतो. पण पडद्यापर्यंत चित्र नेणारी तार असतेच. कून यांनी २००४ साली एका लॅपटॉपवरचा मजकूर १० मीटर अंतरावरून, मधल्या दोन कचेऱ्या आणि तीन भिंती ओलांडून टिपला. त्या पडद्याचे चित्र बिजागरीतून जाणाऱ्या बारीक तारांतून अंकांच्या रूपात जाते आणि त्या तारा अँटेनाचे काम करतात.

दुर्दैवाने येथे आपली गाळणी निरुपयोगी ठरते. का, ते पाहू. अंकीय तारेतून रंगछटेचा क्रमांक द्विमान पद्धतीने जातो. १२७ आणि १२८ या दोन छटा डोळ्याला एकच वाटतील. पण तारेत पहिली ०१११११११ अशी जाते आणि दुसरी १०००००००. सर्वच्या सर्व आठ अंक उलटे झाले! छटा हळुवार बदलल्या म्हणून तारेतले झटके हळुवार होतात, हे नाते येथे तुटते. म्हणून कून यांनी नवा उपाय सुचवला. छटेच्या क्रमांकातले शेवटचे काही अंक डोळ्याच्या दृष्टीने गौण असतात, ते वाटेल तसे, फासे टाकून ठरवावेत. मात्र एक काळजी घ्यायची. मजकूर पडद्यावर स्थिर असेतो हे फासे पुन्हा टाकायचे नाहीत. दर चित्राला नवे दान पडले, तर साठ चित्रांच्या सरासरीत ते पुसले जाईल आणि अक्षर पुन्हा उघडे पडेल.

आज संगणक आणि पडदा यांना जोडणाऱ्या एचडीएमआय तारेत प्रत्येक आठ अंकांचे दहा अंक करून पाठवतात, त्यामुळे टिपलेले चित्र फारच विद्रूप येते. उरुग्वेतील संशोधकांनी २०२४ साली अशी विद्रूप चित्रे आणि मूळ चित्रे यांच्या जोड्या दाखवून एका संगणकाला शिकवले आणि त्याच्याकडून मजकूर परत मिळवला. त्यातली सुमारे ३० टक्के अक्षरे चुकीची येतात. शिक्षकांनी वा पालकांनी यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. बँकेचा परवलीचा क्रमांक हवा असलेला भामटा अँटेना घेऊन येत नाही, तो फोन करून क्रमांक विचारतो. पण ३० टक्के चुकांचा मजकूर कितपत वाचता येतो, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी फळ्यावर चार-पाच वाक्ये लिहावीत, दर दहा अक्षरांतली तीन बदलावीत आणि वर्गाला ती वाचायला सांगावीत.